हँडलवरचा वाटाड्या

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे. माझ्या काचेवर डाव्या कोपऱ्यातून एक चरा गेला आहे आणि माझ्या बटणाचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे. लोक मला जीपीएस म्हणतात. मोटारसायकलच्या हँडलवर बसायचे, आकाशातल्या उपग्रहांच्या हाका ऐकायच्या आणि गाडीवरच्या माणसाला 'तू इथे आहेस' एवढे सांगायचे, हे माझे काम. ज्या वाटेने गेलो तिची रेघ मी पोटात साठवून ठेवतो. मागितली तर काढून दाखवतो. न मागता बोलायची मला सवय नाही. पण आज बोलणार आहे.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यातला. तिथे मला पाण्यात बुडवून पाहिले, भट्टीत तापवून पाहिले, थरथरत्या फळीवर बांधून हलवून पाहिले. मी सगळ्यातून टिकलो. मग खोक्यात बसून समुद्र ओलांडला आणि ऑस्ट्रेलियातल्या टुवूंबा शहरात एका दुकानाच्या काचेआड येऊन बसलो. तिथून मला डार्सी बार्डन नावाच्या तरुणाने उचलले आणि दूर पश्चिमेला, ब्रोल्गा डाउन्सला आपल्या घरी नेले.

ब्रोल्गा डाउन्स हे गुरांचे स्टेशन. गुरांच्या अफाट रानाला इकडे स्टेशन म्हणतात. आगगाडी तिथे कुणी पाहिलेली नाही. जमीन अशी सपाट, की गाय उभी असली तर तीच डोंगरासारखी दिसावी. फोनला रेंज नाही. नदीला असंख्य फाटे, आणि तेही वर्षानुवर्षे कोरडे. एक फाटा दुसऱ्यासारखा, एक झाड दुसऱ्यासारखे. माझ्यासारख्याला याहून चांगली नोकरी कुठे मिळणार? मी मनात फार खूश होतो.

डार्सीचे वडील क्लेम मात्र खूश नव्हते. त्यांची बायको वारल्यापासून घरात बापलेक दोघेच होते आणि म्हाताऱ्याला टोमणे मारायला दुसरे कुणी उरले नव्हते.

"हे काय आणलंस? नवं घड्याळ?"

"जीपीएस आहे, बाबा. आपण कुठे आहोत ते सांगतं."

"मी ब्रोल्गा डाउन्सवर आहे. जन्मल्यापासून इथंच आहे. झालं त्याचं काम. दे दुकानदाराला परत."

डार्सी मनाने उमदा, पण हाताने घाईचा. त्याने पहिल्या दिवशी मला चिकटून बसणाऱ्या एका रबरी वाटीने वेगमापकाच्या काचेला डकवले. दुपारच्या उन्हात ते रबर मऊ झाले आणि पहिल्याच फाटकापाशी मी दगडावर पडलो. काचेवरचा चरा तेव्हाचा. मग त्याने मला लोखंडी पट्टीने थेट हँडलला आवळले. पडलो नाही; पण इंजिनाचा प्रत्येक ठोका माझ्या अंगात शिरू लागला. दाढदुखीत कुणी गालावर तबला वाजवावा तसे व्हायचे. अक्षरे थरथरायची, पडदा मध्येच विझायचा.

विजेचे हाल त्याहून वाईट. माझ्या आतली बॅटरी तिथल्या उन्हात दुपारपर्यंत दम टाकायची. म्हणून डार्सीने गाडीला एक सॉकेट लावले, पण खडबडीत वाटेवर माझी पिन त्यातून उडून बाहेर लोंबायची. शेवटी वैतागून त्याने माझी वायर थेट गाडीच्या बॅटरीला जोडली. आता मला रात्रंदिवस वीज मिळू लागली. मी रात्रभर जागा राहिलो, अंधारात एकटाच 'तू इथे आहेस, तू इथे आहेस' म्हणत राहिलो, आणि सकाळी गाडीची बॅटरी मेलेली निघाली. डार्सी किक मारून मारून घामाघूम झाला. तशी ती गाडी किकवरही बॅटरी मेल्यावर चालू व्हायची नाही. क्लेम ओट्यावर चहा पीत पाहत होते.

"वा रे वाटाड्या!" ते म्हणाले. "वाट दाखवायच्या आधी घोडाच खाऊन बसला की!"

डार्सीने रागाने माझी वायर उपटली आणि मला शेडमधल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. डब्यात गंजलेले नटबोल्ट होते, एक तुटके कुलूप होते, आणि काही दिवस एक पालही राहून गेली. पत्रा उन्हाने तापायचा. माझ्या आतली बॅटरी तिथेच म्हातारी झाली. मित्रांनो, यंत्राला थकवा येत नाही असे म्हणतात. खरे असेल. पण ज्याला वाट सांगता येते त्याला कुणी वाट विचारू नये, याचे दुःख त्या डब्यात मला फार झाले.

मग डार्सीचे लग्न झाले. सून आली ती टुवूंबाची, ब्रिओनी नावाची. बुटकी, खणखणीत आवाजाची, आणि तिथल्या एका गॅरेजात गाड्यांच्या वायरिंगचे काम करून हात काळे केलेली. क्लेमनी पहिल्याच दिवशी तिचे नाव 'ठिणगी' ठेवले. ती त्यांना तिकडच्या रीतीप्रमाणे सरळ क्लेम म्हणायची, आणि चिडली की म्हातारबुवा.

ती आली तेव्हा दुष्काळ तिसऱ्या वर्षात शिरला होता. गवत संपले होते. बार्डन मंडळींनी बहुतेक गुरे विकून टाकली होती. फक्त निवडक कालवडींचा एक कळप राखला होता. पाऊस आला की याच कालवडींपासून पुन्हा गोठा उभा राहणार होता. ब्रिओनी रोज मोटारसायकलच्या मागे पिंप बांधून त्यांना काकवी घेऊन जायची. थोड्याच दिवसांत असे झाले, की गाडीचा फटफटाट ऐकला की सगळा कळप धावत यायचा. सगळ्यात पुढे, त्यांच्यासोबत राखलेली डचेस नावाची म्हातारी गाय. डचेस बाटलीच्या दुधावर वाढलेली, त्यामुळे स्वतःला माणूसच समजायची.

एकदा पिंपाचा बोल्ट हरवला. ब्रिओनी दुसरा शोधायला शेडमध्ये आली, तिने डबा उपडा केला आणि मी बाहेर पडलो. तिने मला उलटसुलट करून पाहिले, माझ्या वायरीचा तुटका शेंडा बोटांत धरला आणि नवऱ्याला हाक मारली.

"डार्सी, याला कुणी मारलं?"

"मारलं नाही गं. आपलं आपण मेलं."

"वायर थेट बॅटरीवर. मध्ये फ्यूज नाही. रबर नाही. डार्सी बार्डन, हे तू मला लग्नाआधी सांगायला हवं होतंस."

त्या रविवारी तिने मला पुन्हा उभे केले. क्लेम चहाचा मग घेऊन शेजारी उलट्या बादलीवर येऊन बसले. रविवारी त्यांना दुसरी करमणूक नव्हती. ब्रिओनीने हँडलच्या मधल्या दांड्याला एक पकड बसवली, पकडीवर रबराचा गोळा, आणि त्या गोळ्यावर माझी बैठक.

"मध्ये रबर कशाला घालतेस?" क्लेम म्हणाले. "लोखंडाला लोखंड भिडलं की कसं पक्कं बसतं."

"पक्कं बसतं आणि गाडीचा सगळा थरकाप याच्या पोटात जातो. तुम्ही खोगिराखाली घोंगडी टाकता ना? का टाकता?"

"घोड्याची पाठ सोलू नये म्हणून."

"मग याचीही पाठच आहे."

क्लेमनी चहाचा मोठा घोट घेतला.

मग विजेचे काम. तिने सीट काढली. बॅटरीपासून वायर घेतली आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवला. पुढे कुठे काही बिघडले तर आग लागण्याआधी तो स्वतः जळून गाडीला वाचवणार. मग एक रिले, म्हणजे विजेचा दरवान. गाडीची किल्ली फिरली की मागचा लाल दिवा लागतो. तो लागला की दरवानाने दार उघडायचे आणि मला वीज सोडायची. किल्ली बंद, दार बंद. म्हणजे मी रात्री झोपणार आणि घोडा शाबूत राहणार. वायर तिने टाकीखालून, चॅसीला बांधत, गरम इंजिनापासून दूर पुढे आणली. हँडलच्या मानेपाशी मात्र ती ताठ न ओढता तिथे एक सैल वळसा ठेवला आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून पाहिले. वायरीच्या सांध्यांत ग्रीस भरले, वर रबरी नळी चढवली. तिची बोटे इतकी सावकाश चालत होती, की मला माझ्या कारखान्याची आठवण झाली.

तिने किल्ली फिरवली. मी जागा झालो. आकाशातून हाका येऊ लागल्या. एक, मग दुसरी, मग कितीतरी. माझ्या काचेवर ब्रोल्गा डाउन्स उमटले.

"बोललं की रे मेलेलं!" डार्सी ओरडला.

त्या दिवसापासून मी एकदाही पडलो नाही, आणि माझ्यामुळे गाडी एकदाही अडली नाही. कोरड्या तळ्यांच्या कडा, कुंपणाची भगदाडे, पाण्याच्या टाक्या, सगळे मी टिपू लागलो. डार्सी धुळीच्या वादळात सापडला तेव्हा त्याला मीच घरी आणला. क्लेम तेव्हाही म्हणाले, "घोड्यानंही आणला असता." पण दुसऱ्या दिवशी गाडी धुताना त्यांनी माझी काच आपल्या रुमालाने पुसली. ते मी विसरलो नाही.

जेवताना क्लेम जुन्या पुराच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या तरुणपणी सगळे रान पाण्याखाली गेले होते, आणि त्यांच्या वडिलांनी गुरे 'कण्या'वरून बाहेर काढली होती. कणा म्हणजे त्या सपाट रानातून वेडीवाकडी जाणारी उंचवट्याची एक रांग. उंचवटा तरी केवढा, तर बसल्या गाईएवढाही नाही. कोरड्यात तो दिसतसुद्धा नाही. तो फक्त क्लेमना माहीत होता, आणि त्यांना तो झाडांवरून माहीत होता. दुष्काळात झाडे वाळून पडत होती.

"ती वाट मला द्या ना," एकदा ब्रिओनी म्हणाली.

"वाट काय बशी आहे द्यायला? ती डोक्यात आहे. तिथंच बरी आहे."

ब्रिओनीने विषय सोडला असे दाखवले. दोन घास खाऊन म्हणाली, "बरं, दुसरं एक काम होतं. याची बैठक खडबडीत रानात टिकते का ते बघायचंय. डार्सी भरधाव जातो, त्याला काही कळत नाही. कुणीतरी शांतपणे, उंच उंच जागा धरून दिवसभर चालवायला हवी. कण्यासारख्या."

क्लेमनी काटा खाली ठेवला. "ठिणगे, मला काय कोकरू समजतेस?"

"नाही. कोकरू मी म्हटल्याबरोबर गेलं असतं."

डार्सीला ठसका लागला. आणि सकाळी क्लेम टोपी घालून गाडीपाशी उभे होते.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात आवडता. क्लेम हळू चालवत. घरात टोमण्यांशिवाय न बोलणारा तो माणूस रानात माझ्याशी सरळ बोलू लागला. "इथं बाबांचा घोडा रुतला होता." "इथं मी आणि माझा भाऊ बदकांची अंडी शोधायचो." "इथून डावीकडे. उजवीकडे दिसतं बरं, पण आत दलदल आहे." मी कान देऊन ऐकत होतो, म्हणजे रेघ ओढत होतो. संध्याकाळी परत आल्यावर ते ब्रिओनीला एवढेच म्हणाले, "यंत्र हललं नाही." तिनेही एवढेच विचारले, "चहा टाकू?"

पुढल्या वर्षी पाणी आले.

आमच्याकडचा पूर पावसाने येत नाही, मित्रांनो. पाऊस उत्तरेला, फार फार दूर पडतो. मग ते पाणी कोरड्या फाट्यांतून सरपटत सरपटत खाली येते. डोक्यावर लख्ख निळे आकाश असते आणि पायाशी पाणी चढत असते. नदीच्या वरच्या अंगाच्या शेजारीण थेल्मा यांनी वायरलेस रेडिओवरून आधी कळवले.

"क्लेम, पाणी येतंय तुझ्याकडे. आणि या खेपेला रमतगमत नाही हं, घाईत आहे."

कालवडी दूरच्या रानात होत्या. आमची माणसे भल्या सकाळी निघाली. क्लेम त्यांच्या करड्या घोडीवर, डार्सी दुसऱ्या घोड्यावर, ब्रिओनी गाडीवर, गाडीला काकवीचे पिंप आणि सोबत कुत्री. हेलिकॉप्टरने गुरे हाकणाऱ्याला विचारले होते, पण तो वरच्या अंगाला घरांच्या छपरांवरून माणसे उतरवत होता. माणसे आधी, त्यात कुणाचे दुमत नव्हते.

जाताना वाट घोट्याएवढ्या पाण्यात होती. कालवडी एका टेकाडावर गोळा झालेल्या सापडल्या. त्यांना आवळून एकत्र केले आणि मागे वळून पाहिले, तर आलो ती वाट तुटली होती. तिथे आता तपकिरी पाण्याचा जाड प्रवाह वाहत होता आणि त्यातून एक अख्खे झाड पसार होत होते.

"आता?" डार्सीने विचारले. टेकाड कडेने विरघळत होते.

"आता कणा," क्लेम म्हणाले.

ब्रिओनीने किल्ली फिरवली, इंजिन चालू केले आणि पिंप वाजवून हाक घातली. डचेसने मान वर केली. गाडीचा आवाज आणि काकवीचा वास! ती निघाली, तिच्यामागे कळप निघाला. पुढे गाडी, शेजारी क्लेमची घोडी, मागे डार्सी आणि कुत्री. चाकाच्या आसापर्यंत पाणी, पण खाली जमीन घट्ट. चहूकडे पाहावे तर समुद्र. ना कुंपण, ना फाटा, ना पायवाट. फक्त इथे तिथे झाडांचे शेंडे.

अर्धी वाट सरल्यावर क्लेमनी हात वर केला. "तो वाकडा कूलिबा दिसतो का? त्याच्या उजव्या अंगानं घे."

कूलिबा म्हणजे त्या मुलखातले पाण्याकाठचे झाड. ब्रिओनीने झाडाकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझी रेघ डावीकडे वळत होती.

"क्लेम, रेघ डावीकडे जाते."

"रेघेला काय कळतंय? माझा बाप या झाडाच्या उजवीकडून गेला."

"हेच झाड कशावरून? वाकडी झाडं काय थोडी आहेत?"

"तू मला माझं रान शिकवतेस?"

"नाही! तुम्हीच मला शिकवलंत. ही रेघ माझी नाही, म्हातारबुवा, तुमची आहे. या आणि बघा."

क्लेमनी घोडी जवळ आणली. उन्हाने माझी काच चमकत होती. त्यांनी टोपी काढून माझ्यावर सावली धरली. त्यांचे डोळे बारीक झाले होते. त्यांना स्वतःचे रान ओळखता येत नव्हते. मला ते दिसत होते. मला बोलता आले असते तर त्या क्षणी मी बोललो असतो, पण माझ्याजवळ रेघेशिवाय काही नव्हते. मी ती जेवढी स्पष्ट दाखवता येईल तेवढी दाखवली.

"हे काय?" त्यांनी बोट ठेवले. "वळणाच्या अलीकडे ही शेपटी कसली फुटलीय?"

"तिथे तुम्ही गाडी वाटेवरून बाजूला घेतलीत. थोडा वेळ थांबलात. मग परत आलात."

क्लेमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"लघवीला," ते म्हणाले. "मोठ्या झुडपाआड. चहा फार झाला होता." आणि मग मोठ्याने, "च्यायला, यानं तेही टिपलं?"

"सगळं टिपलंय."

"मग वाट माझीच आहे! माझा वाकडा कूलिबा त्या झुडपाच्या पुढं होता. तो पडलेला दिसतोय. हा कुठला तरी उपरा आहे." त्यांनी टोपी डोक्यावर दाबली. "डावीकडे घे, ठिणगे. आणि हसलीस तर घोडी अंगावर घालीन."

ती हसत होतीच. आम्ही डावीकडे वळलो. थोड्याच वेळात एक हट्टी कालवड उजवीकडे घसरली आणि एका पावलात गळ्यापर्यंत पाण्यात गेली. डार्सीने दोर टाकून तिला ओढून आणली. त्या झाडाच्या उजवीकडे काय होते, ते सगळ्यांना कळले.

शेवटचा टप्पा उरला आणि संकट आले. पाण्यातून वाहत आलेला एक साप कळपात शिरला. कालवडी बिथरल्या, एकीने गाडीला धडक दिली आणि आम्ही आडवे झालो. मी पाण्याखाली गेलो. हँडल एका अंगाला पूर्ण पिळले गेले. मानेपाशी सोडलेला तो सैल वळसा ताणला गेला, पण तुटला नाही. रबराचा गोळा फिरला, पण त्याने मला सोडले नाही. इंजिन मात्र पाणी पिऊन बंद पडले. ब्रिओनीने गाडी उचलता उचलता किल्ली बंद केली, आणि मी माझ्या म्हाताऱ्या बॅटरीवर आलो. तिच्यात होते नव्हते तेवढे वापरले, आणि मी विझलो.

मागे गुरे गोल गोल फिरू लागली. बिथरलेली गुरे अशी फिरू लागली की कडेची कण्यावरून ढकलली जाणार.

क्लेम घोडीवरून पाण्यात उतरले आणि त्यांनी गाडी दोन्ही हातांनी धरली. "लाग कामाला. मी धरलीय."

"तुमची कंबर!"

"कंबर माझी आहे. तू प्लगचं बघ."

तिने प्लग काढला. किक मारली, तशी इंजिनातून पाण्याची चिळकांडी क्लेमच्या छातीवर उडाली. पुन्हा किक, पुन्हा चिळकांडी. पिंपाचे झाकण उघडून काकवी पाण्यात पसरली होती, आणि डचेस बाई पुराची पर्वा न करता पिंपात तोंड घालून उभ्या होत्या. ती एकटी जागची हलली नाही. "शाब्बास गं बये," क्लेम तिला म्हणत होते, "खा, निवांत खा, तुझ्याच बापाचं आहे." तिच्याजवळची कालवड थबकली. मग तिच्यामागची. फिरणारे चाक मंदावले.

ब्रिओनीने प्लग फुंकला, शर्टाच्या आतल्या कोरड्या भागाने पुसला आणि घट्ट बसवला. तिने किल्ली फिरवली. मागचा लाल दिवा लागला. दरवानाने दार उघडले. मी जागा झालो! फ्यूज शाबूत होता, ग्रीस भरलेल्या सांध्यांत थेंबही शिरला नव्हता. मी आकाशाकडे कान लावले. ते तर निरभ्र होते, हाका खणखणीत येत होत्या. इंजिन खोकले, पुन्हा खोकले, आणि फटफटू लागले. रेघ काचेवर उमटली आणि रेघेच्या पुढच्या टोकाला, कणा संपतो तिथे, लाल वाळूची टेकडी होती.

त्या टेकडीवर आम्ही चढलो तेव्हाचा आवाज मला अजून ऐकू येतो. पाण्यातून खूर बाहेर पडताना होणारा, एकामागून एक, थांबतच नाही असा आवाज. कालवडी अंग झटकत वर येत होत्या. उन्हात त्यांच्या पाठी तांब्यासारख्या चमकत होत्या. क्लेम नखशिखांत काकवीने आणि चिखलाने माखलेले, बोटाने हवेत मोजत उभे होते. शेवटची कालवड आली, तिच्यामागून डार्सी आणि कुत्री आली, आणि क्लेमनी हात खाली सोडला.

"सगळ्या," ते म्हणाले. "एकूण एक. सगळ्या!"

डार्सीने टोपी आकाशात उडवली. ब्रिओनी वाळूत बसून हसत होती आणि रडत होती. क्लेम तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "ठिणगे, तुझं काम हललं नाही."

घरी पोहोचल्यावर त्यांनी रेडिओ उचलला आणि थेल्माबाईंना सगळी हकिगत सांगितली. लघवीची सुद्धा. कारण ती त्यांनी नाही सांगितली तर डार्सी सांगणार होता. रेडिओ सगळा मुलूख ऐकत असतो. तासाभरात खालच्या अंगाच्या दोन स्टेशनांनी त्यांच्या बाजूच्या कण्याची रेघ मागितली. चाचणीच्या दिवशी क्लेम त्यांच्या हद्दीपर्यंत फिरले होते. ब्रिओनीने माझ्यातून वाचून एकेक खूण रेडिओवर सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचीही गुरे कोरड्यावर आली.

पूर ओसरला आणि रान गुडघ्याएवढे हिरवे झाले. त्या हिवाळ्यात ब्रिओनीला उसंत मिळाली नाही. ज्याची त्याची मोटारसायकल आमच्या शेडमध्ये येऊन उभी राहू लागली. तशीच बैठक, तसाच फ्यूज, तसाच दरवान, मानेपाशी तसाच सैल वळसा. आणि बैठक बसली की तिची एक अट असे: पहिली फेरी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने मारायची. थेल्माबाईंना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून त्या आपल्या स्टेशनवर ब्रिओनीच्या मागे बसल्या. एका हाताने टोपी धरून त्या ओरडत होत्या, "सावकाश गं पोरी! हां, इथं उजवीकडे! अगं उजवीकडे म्हटलं ना!" मी त्या दिवशी त्यांच्या आजोबांची वाट टिपून घेतली.

आता माझा पडदा पिवळट झाला आहे. माझ्याहून हुशार, माझ्याहून उजळ यंत्रे आली आहेत, आणि डार्सीने एकदा नवे आणूनही ठेवले. क्लेमनी त्याला माझ्या बैठकीला हात लावू दिला नाही. "आधी हा मरू दे," ते म्हणाले. मी अजून मेलेलो नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे यंत्र असेल. ते बंद पडले की लगेच डब्यात टाकू नका. आधी बघा, त्याला बसायला धड जागा दिली आहे का, आणि त्याची वीज त्याच्यापर्यंत नीट पोहोचते आहे का. आणि वाट माहीत असलेले कुणी माणूस घरात असेल, तर त्याच्यासोबत एक दिवस काढा. त्याचे टोमणे ऐकून घ्या, चहा पाजा, आणि वाट विचारा. विचारायला लाजू नका. मी वाटाड्या म्हणवतो खरा, पण मीसुद्धा क्षणोक्षणी आकाशाला विचारत असतो, मी कुठे आहे म्हणून.